ऑथेल्लो इतक्या लवकर कसा काय फसतो?

तुमची अडचण मला कळली ती अशी. तुमचा ग्रुप शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ बसवतोय. महिनाभर तालमी झाल्यावर तुम्ही ओळखीच्या पंधरा-वीस जणांना बोलावून पहिले तीन अंक करून दाखवलेत, आणि तिसऱ्या अंकातल्या मोठ्या प्रवेशात, जिथे इयागो ऑथेल्लोच्या मनात त्याची बायको डेस्डेमोना आणि कॅसिओ यांच्याबद्दल संशय पेरतो, लोक हसले. नंतर चहा पिताना एकजण म्हणाला, “हा सेनापती आहे की बावळट?” आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय: तो प्रवेश कापावा का, मध्ये पंधरा दिवस गेल्याचं दाखवावं का, आणि ऑथेल्लो पहिल्यापासूनच संशयी स्वभावाचा दाखवला तर चालेल का.

मी हे नाटक दोनदा बसवलंय आणि त्याच्या बरंच आधी, तिशीत असताना, एकदा इयागो, म्हणजे ऑथेल्लोच्या हाताखालचा तो कपटी अधिकारी, केलाय. तिन्ही वेळा हा हशा मला भेटलाय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक तपासा. लोक नेमके कुणाच्या वाक्यावर हसले? इयागोच्या वाक्यावर हसले असतील तर घाबरू नका. तो माणूस प्रेक्षकांशी थेट बोलतो, त्यांना कटात सामील करून घेतो, आणि पहिले दोन अंक तर लोकांनी त्याच्याबरोबर हसायलाच हवं. पण ऑथेल्लोच्या उत्तरांवर हसले असतील तर दुखणं वेगळं आहे. तुमच्या पत्रावरून दुसरा प्रकार वाटतोय, म्हणून तसं धरून लिहितो.

आणि ते दुखणं बहुतेक वेळा ऑथेल्लोच्या नटात नसतंच, इयागोच्या नटात असतं. तुमचा इयागो मी पाहिलेला नाही, तरी सांगतो, कारण माझाही तसाच होता. तो विंगेतून येतानाच खलनायक असतो. एक भुवई वर, आवाज खर्जात, वाक्याच्या शेवटी ओठाच्या कोपऱ्यात हसू. प्रेक्षकाला पहिल्या प्रवेशापासून माहीत आहे की हा माणूस बदमाश आहे. तेच नट रंगमंचावरच्या पात्रांनाही दाखवायला लागला की समोरची सगळी पात्रं एका फटक्यात मूर्ख ठरतात. सगळ्यात मोठा मूर्ख अर्थातच ऑथेल्लो.

संहितेत पाहा ना. ‘प्रामाणिक’ हा शब्द या नाटकात पन्नासच्या आसपास वेळा येतो आणि त्यातला मोठा वाटा इयागोच्या नावापुढे लागतो. ज्याची नोकरी इयागोनं घालवली तो ऑथेल्लोचा दुय्यम अधिकारी कॅसिओ सल्ल्यासाठी त्याच्याकडेच जातो. नवऱ्यानं नको ते शब्द वापरल्यावर डेस्डेमोना इयागोला बोलावून घेते आणि त्याच्यासमोर गुडघे टेकते. डेस्डेमोनावर मरणारा रॉडेरिगो त्याला पैशाच्या थैल्या आणून देतो. आणि त्याची बायको एमिलिया, जी रोज त्याच्या शेजारी झोपते, तिलाही शेवटच्या प्रवेशापर्यंत थांग लागत नाही. खून कुणाच्या सांगण्यावरून झाला हे कळल्यावर ती “माझा नवरा?” एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहते. इतकी माणसं फसतात, तेव्हा तो माणूस खरोखरच विश्वास टाकावा असा असला पाहिजे.

मी इयागो करत होतो तेव्हा आमच्या दिग्दर्शकानं मला एका वाक्यात सरळ केलं होतं. म्हणाले, “तू या कंपनीचा मॅनेजर आहेस. कुणाचा बूट फाटला, कुणाला घरून तार आली, कुणाला दारू चढली, सगळे तुझ्याकडे येतात.” मी त्याच दिवशी भुवई खाली घेतली. पुढे स्वतः बसवताना मी आठ दिवस इयागोची सगळी स्वगतं काढून तालमी घेतल्या. नटाला सांगितलं, या आठ दिवसांत तू चांगला माणूस आहेस, तुझ्या मनात काही नाही, फक्त संवाद म्हण. नट वैतागला. भूमिका हजारावर ओळींची, नाटकातली सगळ्यात मोठी, ऑथेल्लोपेक्षाही मोठी, आणि त्यातली मजाच मी काढून घेतली होती. पण नवव्या दिवशी स्वगतं परत घातल्यावर आम्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

आता तुमच्या त्या प्रवेशाकडे येतो. तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश, पावणेपाचशेच्या आसपास ओळींचा. तो सुरू होताना ऑथेल्लो सुखी आहे आणि संपताना त्यानं बायकोला मारायची शपथ घेतली आहे. कागदावर हे अशक्य वाटतं. म्हणून मी नटांना एक काम देतो: दोन रंगांच्या पेन्सिली घ्या, आणि डेस्डेमोना आत गेल्यापासून प्रत्येक नवी माहिती कुणाच्या तोंडून येते ते रंगवा. सुरुवातीचा तुकडा मी माझ्या भाषांतरातून देतो.

“सरकार, आपण बाईसाहेबांना मागणी घालत होतात, तेव्हा कॅसिओला ते ठाऊक होतं?”
“पहिल्यापासून शेवटपर्यंत. का रे?”
“काही नाही, उगाच आपलं मनात आलं.”
“काय मनात आलं?”
“त्यांची ओळख असेल असं वाटलं नव्हतं.”
“होती की! कितीदा आमचे निरोप नेलेत त्यानं.”
“अस्सं?”
“अस्सं? हो, अस्सं! त्यात तुला काय दिसतंय? प्रामाणिक नाही का तो?”
“प्रामाणिक, सरकार?”

पेन्सिली फिरवून बघा. कॅसिओ मध्यस्थ होता, तो डेस्डेमोनाला वारंवार भेटत होता, हे कोण सांगतं? ऑथेल्लो. ‘प्रामाणिक’ हा शब्द चर्चेत कोण आणतं? ऑथेल्लो. इयागोनं काय केलं? दोन प्रश्न विचारले, एकदा “अस्सं” म्हणाला आणि समोरच्याचाच शब्द त्याला परत दिला. या अर्ध्या प्रवेशात इयागो त्या दोघांबद्दल घडलेली म्हणून एकही खोटी गोष्ट सांगत नाही. वर “मत्सरापासून जपा, सरकार” असा उपदेशही करतो. धडधडीत थापा नंतर येतात, कॅसिओच्या झोपेतल्या बडबडीची आणि ऑथेल्लोनं डेस्डेमोनाला दिलेल्या रुमालानं त्यानं दाढी पुसल्याची. आणि त्या केव्हा येतात? ऑथेल्लोनं त्याचा गळा धरून “मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे” म्हटल्यावर. तोवर काम झालेलं असतं.

म्हणून ते “अस्सं?” खलनायकी पद्धतीनं, लांबवून म्हटलं की प्रवेश तिथंच मेला. आमच्या दुसऱ्या प्रयोगात आम्ही इयागोच्या हातात काम दिलं. तटबंदीच्या कामाचे कागद, त्यावर ऑथेल्लोच्या सह्या हव्यात. तो एकेक कागद पुढे सरकवतोय, शाई वाळवतोय आणि मान खाली घालूनच विचारतोय. “अस्सं?” त्यानं कागदाकडे बघत म्हटलं. ऑथेल्लोचा हात सहीवर थांबला. हा पॉज कुणाचा, हे ठरवण्यात आमचे दोन दिवस गेले. पॉज ऑथेल्लोचा. इयागो थांबला तर तो डाव टाकतोय हे दिसतं. ऑथेल्लो थांबला तर विचार त्याच्या डोक्यात जन्मतोय हे दिसतं, आणि प्रेक्षक हसायचं विसरतो. तुमचा हॉल लहान असेल तर तो पॉज दोन सेकंदांचाही पुरतो. मोठ्या थिएटरात शेवटच्या रांगेसाठी हात थांबल्याचं दिसायला हवं, तिथे कागद-लेखणीसारखं काहीतरी लागतंच.

ऑथेल्लोच्या मनात तो विचार रुजतो का, हे पहिल्या अंकात पेरलेलं आहे. तो अंक तुम्ही किती कापलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. वेळेसाठी तो व्हेनिसमधला भाग उडवायचा मोह सगळ्यांनाच होतो. व्हेर्दीच्या १८८७ च्या ऑपेरात तो अख्खा अंकच नाही, नाटक थेट सायप्रसच्या वादळात सुरू होतं. संगीत असेल तर चालतं. तुमच्याकडे संगीत नाही, तेव्हा दोन गोष्टी तरी ठेवा. एक, मुलीचा बाप ब्रॅबॅन्शिओ जाता जाता म्हणतो: “हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल.” दुसरी, ऑथेल्लो भर सभेत म्हणतो की मला बोलता येत नाही, आणि मग सगळ्यांपेक्षा सुंदर बोलतो.

त्या बापाच्या वाक्याचं काय होतं पाहा. मोठ्या प्रवेशात इयागो ते तसंच्या तसं उचलतो: बापाला फसवून तिनं तुमच्याशी लग्न केलं. आणि ऑथेल्लो म्हणतो, “खरंच की.” पुन्हा तेच, इयागोनं सांगितलेली गोष्ट खरी आहे. त्याला जोडून इयागो म्हणतो की आमच्या व्हेनिसच्या बायका मला ठाऊक आहेत, नवऱ्याला जे दाखवणार नाहीत ते देवाला बघू देतात. इथे ऑथेल्लोकडे उत्तर नसतं, कारण तो तिथला नाही. तो परका, काळा, वयानं मोठा. लढाया जिंकल्यात म्हणून लोक जेवायला बोलावतात, पण घरातल्या चालीरीती त्याला कोण शिकवणार? एकटा राहिल्यावर तो स्वतःच कारणं मोजायला लागतो: मी काळा आहे म्हणून, मला दरबारी गोड बोलणं जमत नाही म्हणून, वय उतरणीला लागलंय म्हणून... आणि लगेच, “तसं फार नाही म्हणा.” हे शेवटचं अर्धं वाक्य कधीही कापू नका. अख्ख्या भूमिकेची किल्ली आहे ती.

ओघात सांगतो, तोंडाला काळा रंग फासू नका. आज तो बघवत नाही, आणि त्यानं साधतही काही नाही. परकेपण भाषेतून आणता येतं. आम्ही ऑथेल्लोला सगळ्यांपेक्षा शुद्ध, जपून बोललेलं मराठी दिलं, नंतर शिकलेला माणूस बोलतो तसं. बाकीचे ‘आलोय’, ‘गेलोय’ म्हणत असताना हा ‘आलो आहे’ म्हणतो. चौथ्या अंकात तो कोसळतो तेव्हा मूळ नाटकातही त्याची पद्याची भाषा फुटून तुकडे तुकडे होते, “नाकं, कान, ओठ” असं काहीबाही बरळत तो बेशुद्ध पडतो. आमच्याकडे तिथं त्याचं व्याकरण सुटलं. तुमच्या नटाची बोली कोणती आहे यावर हे अवलंबून आहे, त्याला ते ओढूनताणून करावं लागत असेल तर सोडून द्या.

भाषांतरातली एक बारीक जागा मात्र जपाच. मोठ्या प्रवेशात इयागो त्या दोघांबद्दल बोलताना बोकडांची आणि माकडांची उपमा देतो. पुढच्या अंकात, व्हेनिसहून आलेल्या पाहुण्यासमोर बायकोच्या थोबाडीत मारून निघताना ऑथेल्लो मध्येच ओरडतो: “बोकडं! माकडं!” कुणालाच संदर्भ लागत नाही, प्रेक्षकाला लागतो. इयागोचे शब्द त्याच्या तोंडून बाहेर येतायत. मी वाचलेल्या एका हस्तलिखित रूपांतरात पहिल्या ठिकाणी ‘बकऱ्या’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘जनावरं’ होतं. गेली ना जागा फुकट!

थोडं थांबून मागचं गोळा करतो: इयागो खरा भरवशाचा दिसू द्या, संशय ऑथेल्लोच्या तोंडून जन्मू द्या, पहिल्या अंकातलं बी ठेवा. एवढं झालं तर प्रवेश कापायची गरज उरत नाही.

आता मध्ये दिवस घालण्याबद्दल. हा प्रश्न तुमच्या आधी फार लोकांना पडलाय. टॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकारानं १६९३ साली या नाटकाची रुमालावरून यथेच्छ टिंगल केली होती. आणि हिशेब मांडला तर खरंच बसत नाही. सायप्रसला येताना कॅसिओ वेगळ्या जहाजात, डेस्डेमोना इयागोबरोबर दुसऱ्या जहाजात, ऑथेल्लो तिसऱ्या. सगळे एकाच दिवशी उतरतात. त्या रात्री जल्लोष, दारू, मारामारी, कॅसिओची हकालपट्टी. दुसऱ्या दिवशी मोठा प्रवेश. साधारण त्या रात्री खून. मग कॅसिओ आणि डेस्डेमोना चोरून भेटले कधी? पण त्याच नाटकात कॅसिओची मैत्रीण बियांका त्याला झापते की आठवडाभर तोंड दाखवलं नाहीस, सात दिवस, सात रात्री! म्हणजे नाटकात दोन घड्याळं चालतात आणि शेक्सपिअरला ती जुळवायची घाई नाही.

तुम्ही ‘पंधरा दिवसांनंतर’ असं दाखवलंत तर हिशेब जुळेल आणि नाटक पडेल. कारण पंधरा दिवस मिळाले तर ऑथेल्लो कॅसिओला एकदा तरी सरळ विचारेलच. प्रेक्षकही विचारेल, का नाही विचारलं? वेग हीच या कटाची भिंत आहे, आणि इयागोला ते पक्कं ठाऊक आहे. मध्यंतर कुठे घ्यायचं ते प्रयोगाच्या लांबीवर ठरेल, पण या प्रवेशाच्या पोटात कधीच घेऊ नका. आम्ही दोन्ही वेळा त्याच्या शेवटी, “मी कायमचा आपलाच आहे” या इयागोच्या वाक्यावर घेतलं.

तिसरा प्रश्न, मुळातच संशयी ऑथेल्लो. इथे मला आपल्याकडचंच उदाहरण सुचतं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच ‘ऑथेल्लो’ मराठीत आणलं होतं, पण रंगभूमीवर गाजलं ते देवलांचं ‘झुंझारराव’, १८९० चं. आणि गंमत बघा, त्याच गोविंद बल्लाळ देवलांनी तीनच वर्षांत ‘फाल्गुनराव’ लिहिलं, जे पुढे १९१६ साली पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं. एकात रुमाल चुकीच्या हातात पडतो, दुसऱ्यात तसबीर. दोन्हीकडे नवरा जळफळतो. पण फाल्गुनराव स्वभावानंच संशयी आहे, त्याला कुणी इयागो लागत नाही. त्याला नोकर भादव्या पुरतो. म्हणून आपण त्याला हसतो, आणि शेवटी सगळे एकत्र येऊन आपापली हकीकत सांगतात तेव्हा गाठी सुटतात. ऑथेल्लो तुम्ही तसा केलात तर लोक हसणारच, आणि ते बरोबरच हसतील. तुम्ही शोकांतिकेत फाल्गुनराव उभा केलेला असेल. ऑथेल्लो हा सहज संशय न घेणारा माणूस आहे. संशय कसा घ्यायचा, कसा तपासायचा, याची त्याला सवयच नाही. रणांगणावर जसा एकदा निर्णय घेतला की मागं बघत नाही, तसंच तो घरातही करतो. आणि इथे हकिकती जुळवायला माणसं एकत्र येतात ती डेस्डेमोना मेल्यावर.

त्या जुळू का शकल्या नाहीत, हे बघताना माझं लक्ष नेहमी इयागोवरून हटून दोन बायकांकडे जातं. रुमाल कुठे गेला असेल, असं डेस्डेमोना एमिलियाला विचारते. रुमाल एमिलियानंच उचलून नवऱ्याला दिलाय. ती म्हणते, “मला नाही ठाऊक, बाईसाहेब.” पुढच्या काही क्षणांत ऑथेल्लो येतो, रुमाल मागतो, आणि डेस्डेमोना म्हणते, “हरवलेला नाही. पण हरवला असता तर काय?” दोन भल्या बायका, दोन छोटी खोटी उत्तरं, दोन्ही भीतीपोटी. इयागो त्या वेळी रंगमंचावर नसतो. या दोन वाक्यांवर प्रकाशयोजना, संगीत, काहीही करू नका. साधी जाऊ द्या. आमच्या डेस्डेमोनानं सुरुवातीला ते वाक्य रडत म्हटलं होतं. मी तिला म्हटलं, आईच्या बांगडीबद्दल सासूनं विचारल्यावर तू कसं म्हणशील तसं म्हण. जमलं.

इयागोचा हेतू काय, हेही तुम्ही ओझरतं विचारलंय. पदोन्नती डावलली, बायकोबद्दल कुजबुज ऐकली, कॅसिओवरही तोच संशय, तो स्वतःच वेगवेगळी कारणं देतो आणि कुठल्यावरच टिकत नाही. नटाला एक निवडून द्या आणि पुढे चला. शेवटी तो स्वतःच “मला काही विचारू नका” म्हणून तोंड मिटतो.

राहिला रुमाल. स्ट्रॉबेरीच्या फळांचं भरतकाम असलेला, ऑथेल्लोच्या आईचा. शेक्सपिअरनं ज्या इटालियन कथेवरून हे नाटक घेतलं तिच्यात तो कपटी अधिकारी स्वतः रुमाल चोरतो, डेस्डेमोनानं त्याच्या लहान मुलीला कडेवर घेतलेलं असताना. शेक्सपिअरनं ते बदललं. त्याच्याकडे ऑथेल्लोचं डोकं दुखतंय, डेस्डेमोना रुमालानं कपाळ बांधू बघते, तो म्हणतो, “लहान आहे तुझा रुमाल,” तो झटकतो, रुमाल पडतो, आणि तोच म्हणतो, राहू दे. ज्या पुराव्यावर तो बायकोला मारणार आहे तो त्याच्याच हातून जमिनीवर पडतो आणि त्याच्या लक्षातही राहत नाही. पहिल्या तालमीपासून खरा रुमाल वापरा, बदली फडकं नको. लाल भरतकाम ठसठशीत असू द्या, आणि पडण्याची जागा प्रकाशात हवी.

पाडायची जबाबदारी ऑथेल्लोच्या नटाची, हे त्याला रोज आठवण करून द्या. आमच्या एका प्रयोगात त्यानं भावनेच्या भरात रुमाल झटकला आणि सवयीनं स्वतःच्याच कमरेला खोचून आत निघून गेला. एमिलिया खाली वाकली तर जमिनीवर काहीच नाही. बिचारीनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, तेच भरतकाम असल्यासारखं निरखलं, आणि “बरं झालं हा सापडला” म्हणून स्वगत सुरू केलं.